प्रश्न सातवा

रमेश बँकेत पाच हजार रुपये ठेवतो.
पुस्तकातला रमेश कायम ठेवतोच.
आमच्या आठवी ‘ब’मध्ये कुणी ठेवत नाही,
भरतात.
म्हणून रमेशला खोडलं
आणि शनिवारी दुपारी, सत्तर फूट रोडच्या शाळेत,
पंखा बंद, शेजारी माग चालू,
गणितं नव्यानं लिहायला बसलो.

पान वजनावर मिळतं, बिड्या मोजून घेतात.
हजारात साठ छाट निघाली, तर मजुरी किती?
हे वर्गाला तोंडीच आलं.
मला कागद लागला.
वीस बायांची भिशी:
शेवटच्या नंबरवालीला थांबल्याचं काय मिळतं?
टॉवेलचा डझन. चादरीतली खोट.
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला गेलेले चाळीस.

फळ्यावर ‘व्याज’ लिहिलं.
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, वड्डी.
खिडकीकडून कुणी, बड्डी.
अक्षराचा काय तो फरक;
मंगळवारी वसुलीला येणारा माणूस
दोघांकडे एकच.

सातवा प्रश्न असा होता:
नागमणीने गटातून दहा हजार घेतले.
पन्नास आठवडे, आठवड्याला अडीचशे.
व्याज किती?
उत्तर अडीच हजार. शेकडा पंचवीस. सोपं.
खाली झोकात माझं नाव,
संकलन: श. म. होटगीकर.

यामिनी मेरगू उभी राहिली.
“सर, पहिल्या मंगळवारी दहा हजार असतात.
पन्नासाव्या मंगळवारी
दोनशेच उरलेले असतात.
दोनशेवर पण पन्नास?”

माग थांबला नाही. मीच थांबलो.
अठरा वर्षं गणित शिकवतोय.
स्कूटरचे छत्तीस हप्ते
असेच भरलेत,
पावत्या पिशवीत नीट लावून.

खडू तिच्याकडे दिला.
उरलेली मुद्दल, उरलेली मुद्दल,
अशी ती उतरत गेली फळ्यावरून
आणि फळा संपला तेव्हा दरवाज्याच्या पल्ल्यावर.
पंचवीस नव्हे,
पन्नासच्या आसपास.
वर्गात कुणीतरी शिट्टी मारली
आणि मी रागावलो नाही.

शफीकच्या दुकानात चाळीस प्रती काढल्या,
कडेला काळा पट्टा आलेल्या.
उर्दू शाळेच्या तहसीन मॅडमनी एक नेली.
भिशी ठेवली, व्याज काढलं,
त्या जागी शिलाई मशीन घातलं:
रोखीनं इतकं, हप्त्यानं इतकं, फरक सांगा.
कन्नड शाळेच्या बिराजदारांनी
टॉवेलऐवजी ज्वारीची पोती केली.
विद्यापीठातून एका बाईंची मेल आली:
“बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दिली.
सातवा आमच्याही पोरांना आला नाही.”

पालकसभेला यामिनीची आई आली.
कागद लेकीकडून वाचून घेतला.
“नागमणी म्हणजे मीच की ओ, सर.”
मी म्हणालो, नाव असंच सुचलेलं.
“असू दे. आकडे बी माझेच हायत.”
मग मी, मास्तरच्या सवयीनं:
हे आधी कळलं असतं, तर घेतलं नसतं ना?
ती हसली.
“घेतलंच असतं. दवाखाना होता.
पण दर मंगळवारी
त्याला च्या नसता पाजला.”

जूनच्या प्रशिक्षणात एक पुस्तिका वाटली,
चाररंगी, गुळगुळीत.
पान अकरावर आमचा सातवा.
नागमणीचा पुन्हा रमेश झालेला,
यामिनीचा प्रश्न चौकटीत, वर ‘विचार करा’.
कुणाचंच नाव नाही.
माझंही नाही. ते बरंच झालं.

शिसपेन्सिल काढली.
रमेशवर काट मारली.
चौकटीखाली जागा होती बोटभर,
तिथं लिहिलं:
पन्नास मंगळवार, पन्नास कप चहा,
दूध-साखर धरून.
हे कोणत्या खात्यात टाकाल?

उत्तरसूचीत
ती ओळ रिकामी सोडली आहे.